शास्त्रदान आणि छापखाना

ग्रंथ विकणे हा आपल्या समाजाचा परंपरागत धंदा नव्हे. धान्य, किराणा, कापड, सोनेचांदी यांत आपली मंडळी पिढ्यान् पिढ्या आहेत. परंतु शास्त्रास मोल लावून ते दुकानाच्या फळीवर मांडावे, ही कल्पनाच आपल्या वाडवडिलांस असह्य वाटे. ग्रंथ लिहवून घ्यावयाचा आणि दान करावयाचा, अशी रीत. दहाव्या शतकात अत्तिमब्बे या श्राविकेने पोन्न कवीच्या ‘शांतिपुराणा’च्या एक हजार प्रती करवून वाटल्या. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने एक प्रत कोरावयास किती दिवस लागत असतील, याचा हिशेब वाचकांनी स्वतःच मांडून पाहावा.

मुंबईस गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले, तेव्हा शाईत चरबी असते म्हणून छापील कागदास हात लावावयास लोक कचरत. त्यांनी चरबीऐवजी तूप वापरून ती शंका दूर केली, असे सांगतात. आपल्या लोकांची अडचण मात्र तेवढ्याने सुटणारी नव्हती. शाई लावण्याचे रूळ सरस आणि काकवी यांचे ओतीत, आणि सरस म्हणजे जनावरांची कातडी व हाडे. ज्या धर्मात पाणीदेखील गाळून प्यावयाचे, त्याचे आगम अशा रुळाखालून काढावयाचे कसे? दुसरा आक्षेप अविनयाचा. हस्तलिखित वेष्टनात बांधून मंदिराच्या कपाटात राहते. छापील प्रत स्वस्त, म्हणून ती कोठेही पडेल, शेवटी रद्दीत जाईल. तरुणपणी हा दुसरा आक्षेप आम्हांस हास्यास्पद वाटे.

तथापि काळ थांबला नाही. जावजी दादाजी यांनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला आणि त्यांच्या काव्यमालेत १८८८ साली हरिचंद्र कवीचे ‘धर्मशर्माभ्युदय’ छापले गेले. सोलापुरास शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८४ साली ‘जैन बोधक’ सुरू केले. कोल्हापुरास कल्लाप्पा भरमाप्पा निटवे यांनी ‘सर्वार्थसिद्धि’ प्रसिद्ध केली. मुंबईचे दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद १९१४ साली निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ दुसऱ्याच वर्षी निघालेल्या ग्रंथमालेची पुस्तके लागतीच्या किमतीस विकली जात. तिचा भार वाहणारे पंडित नाथूराम प्रेमी हे स्वतः मुंबईतील पुस्तकविक्रेते.

आम्ही धान्याचे व्यापारी. आमचा माल हंगामात येतो आणि पुढचा हंगाम येण्यापूर्वी उठतो. ग्रंथाचे तसे नाही. पाचशे प्रती छापल्या तर त्या वीस-वीस वर्षे माळ्यावर पडून राहतात, भांडवल अडकते आणि कसर मात्र अडकत नाही! असा धंदा चालला तो केवळ जुन्या शास्त्रदानाच्या आधारावर. कोणी व्रताच्या उद्यापनास शंभर प्रती घेई, कोणी मुलाच्या विवाहात दोनशे. अत्तिमब्बेची रीत छापखान्यास घाऊक गिऱ्हाईक म्हणून लाभली. मूडबिद्रीस ताडपत्रांवर जपलेली ‘धवला’ टीका डॉ. हिरालाल जैन यांनी १९३९ सालापासून अमरावतीहून सोळा खंडांत प्रकाशित केली, तीदेखील विदिशेच्या शेठ शिताबराय लक्ष्मीचंद्र यांच्या नावाच्या फंडावर. निव्वळ विक्रीवर ती कधीही छापली गेली नसती.

गावोगावच्या पुस्तकविक्रेत्याचे पोट तर ग्रंथांवर कधी भरलेच नाही. ते भरले शाळेच्या वह्यांवर आणि दिवाळीच्या सुमारास खपणाऱ्या लाल कापडी चोपड्यांवर. संगणक आल्यापासून चोपड्यांची गिऱ्हाइकी ओसरली. आम्ही स्वतः पूजेपुरती एक घेतो, ‘श्री’ काढतो, आणि वर्षभर तिचे पान उलटत नाही.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आमच्या गुदामात नमुन्याच्या पुड्यांसाठी रद्दीचा एक गठ्ठा आला. सोडून पाहतो तो भक्तामर स्तोत्राच्या सार्थ आवृत्तीच्या वीस प्रती! पहिल्या पानावर विवाहाप्रीत्यर्थ सप्रेम भेट असा मजकूर होता. पानांच्या कडा जोडलेल्याच होत्या. त्या कोणी कापल्यादेखील नव्हत्या. वाडवडिलांचा आक्षेप त्या दिवशी आमच्या तराजूत येऊन पडला. अविनय छापण्याने झाला नव्हता; देणाऱ्याने दिले, घेणाऱ्याने घेतले, आणि वाचले कोणीच नाही. तसे दान आम्हीही केले आहे, हे येथे कबूल करणे भाग आहे.

त्या प्रती आम्ही घरी आणल्या. दरवर्षी श्रुतपंचमीस मंदिरातील पोथ्यांची वेष्टने बदलतात, तेव्हा त्यांचीही धूळ झटकतो. गेल्या ज्येष्ठात आमच्या नातीने पट्टीने कडा कापून एक प्रत वाचावयास घेतली. उरलेल्या एकोणीस आमच्या पेढीवर आहेत. ज्यांना वाचावयाच्या असतील त्यांनी अवश्य घेऊन जाव्यात. मोल नाही, फक्त पहिले पान आमच्यासमोर कापावे.