गोल्फचा फटका वाकडा का जातो?

गोल्फ हा खेळ लष्करी छावणीतल्या साहेबांचा आणि मुंबई-पुण्याच्या बड्या लोकांचा, अशी आपल्याकडे समजूत आहे. आणि ती बऱ्याच अंशी खरीही आहे. मग जिल्ह्याच्या वर्तमानपत्रातल्या आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. कारण सांगतो. गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात कंबर, कोपर किंवा बरगडी धरून येणाऱ्यांत गोल्फ खेळणारेही दिसू लागले आहेत. काही निवृत्त फौजी आहेत, काही कारखान्यांतले अधिकारी. पण बरेचसे आहेत ते मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहून आलेले वडील. तिकडे दिवस खायला उठतो. मग शनिवारी मुलगा सरावाच्या मैदानावर नेतो, हातात स्टिक देतो आणि बादलीभर चेंडू पुढ्यात ठेवतो. पहिल्याच दिवशी एखादा चेंडू झकास उडतो आणि गृहस्थ कायमचे नादावतात. परत येताना सामानात स्टिका असतात. मग गच्चीवर जाळी बांधली जाते, किंवा ओळख काढून छावणीच्या मैदानावर जाणे सुरू होते.

या सगळ्यांची तक्रार एकच. "डॉक्टरसाहेब, लहान स्टिकने चेंडू सरळ जातो, ड्रायव्हर घेतला की उजवीकडे पळतो. आज जमला तर उद्या जमत नाही." पहिल्यांदा एका काकांनी "माझा ड्रायव्हर सरळ जात नाही" असे म्हटले, तेव्हा आमच्या कंपाउंडरने त्यांना गाडीवरचा माणूस बदलण्याचा सल्ला दिला होता!

ज्यांनी गोल्फची स्टिक पाहिलेलीही नाही, त्यांनीही हा लेख पुढे वाचावा. क्रिकेटचा चेंडू टाकणे, कुऱ्हाड चालवणे, कुदळ मारणे, या सर्वांत शरीराचे नियम तेच आहेत.

ड्रायव्हर अवघड का?

गोल्फच्या पिशवीत जास्तीत जास्त १४ स्टिका ठेवता येतात. त्यांतली सर्वांत लांब ती ड्रायव्हर. तिची लांबी साधारण ४५ इंच असते. लहानपणी आपण विटी-दांडू खेळलो. दांडू हातभर, म्हणून विटीचा नेम बसत असे. तोच दांडू दुप्पट-अडीचपट लांब केला असता तर? मनगटातली जराशी चूक टोकाला जाऊन मोठी होते. शिवाय चेंडू जेमतेम ४३ मिलिमीटर व्यासाचा, आणि स्टिकचे डोके हौशी खेळाडूच्या हातूनही ताशी १४० किलोमीटरच्या आसपास वेगाने येते, म्हणजे वेगवान गोलंदाजाच्या चेंडूइतके.

आता थोडे गणित. डोक्याचे तोंड ठोक्याच्या क्षणी ज्या दिशेला असते, बहुतांशी त्याच दिशेला चेंडू निघतो. तोंड १ अंशाने फिरले तर २०० मीटरवर चेंडू सुमारे साडेतीन मीटर बाजूला जातो. ५ अंशांनी फिरले तर १७ मीटर. एवढ्यावर भागत नाही. तोंड एकीकडे आणि स्टिक फिरण्याची वाट दुसरीकडे असेल, तर चेंडू तिरका गरगरतो आणि हवेत वळत जातो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू असा उजवीकडे वळला तर त्याला स्लाइस म्हणतात. लहान स्टिकेचे तोंड बरेच मागे कललेले असते. त्यामुळे चेंडू मुख्यतः उलटा फिरतो आणि ही चूक झाकली जाते. ड्रायव्हरचे तोंड जवळजवळ उभे, कल फक्त ९ ते १२ अंशांचा. म्हणून तीच चूक इथे उघडी पडते. म्हणजे ड्रायव्हर घेतल्यावर माणूस बिघडत नाही. आधीचाच दोष दिसू लागतो.

वर नेलेली स्टिक खाली येऊन चेंडूला लागायला साधारण पाव सेकंद लागतो. डोळ्यांनी पाहून हाताची हालचाल बदलायला मेंदूला जवळजवळ तेवढाच वेळ हवा असतो. म्हणजे फटका सुरू झाल्यावर दुरुस्ती नाही. पत्र पेटीत टाकल्यावर खाडाखोड करता येत नाही, तसेच हे. स्टिक आणि चेंडू यांची भेट तर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतकी.

म्हणून पहिली गोष्ट मनाला सांगावी की, दर वेळी सरळ फटका हा कोणाचाच जात नाही. अमेरिकेतले व्यावसायिक खेळाडूसुद्धा दहापैकी साधारण सहा वेळाच चेंडू मधल्या कापलेल्या गवताच्या पट्टीवर ठेवतात. दिवसभर तेच काम करणाऱ्यांची ही गत, तर साठीला स्टिक धरलेल्यांनी स्वतःवर किती चिडावे?

शरीर कुठे अडते?

ताकदीचा फटका म्हणजे अंग पिळून सोडणे. हा पीळ खुब्यांतून आणि पाठीच्या वरच्या भागातून यायला हवा. कंबरेचे पाच मणके मिळूनही एका बाजूला १० ते १५ अंशांच्या आसपासच फिरतात. निसर्गाने ते वाकण्यासाठी दिले आहेत, पिळण्यासाठी नव्हे. ज्याने तीस वर्षे खुर्चीत बसून नोकरी केली, त्याचे खुबे आखडलेले असतात. मग शरीर उरलेला पीळ कंबरेतून आणि हातांतून चोरते. हात आधी धावतात, स्टिक बाहेरून आत आडवी येते आणि चेंडू उजवीकडे वळतो. वाकडा फटका आणि कंबरदुखी ही पुष्कळदा एकाच घरची भावंडे असतात, ती अशी.

जोरदार फटक्यात कंबरेच्या मणक्यांवर शरीराच्या वजनाच्या सुमारे आठपट दाब येतो, असे मोजमापातून दिसले आहे. ७० किलोच्या माणसासाठी हा ५०० किलोंहून अधिक झाला. टायगर वुड्ससारख्या खेळाडूवर २०१७ पर्यंत पाठीच्या चार शस्त्रक्रिया झाल्या. २०१७ मधल्या चौथ्या वेळी मणके जोडावे लागले. २०१९ मध्ये ४३ व्या वर्षी त्याने पुन्हा मास्टर्स स्पर्धा जिंकली हे खरे. पण त्याच्यामागे तज्ज्ञांची फौज होती आणि बालपणापासूनचा सराव होता. त्याच्याकडे पाहून आपण दुखत्या कंबरेने खेळत राहू नये.

दुसरी अडचण मुठीची. फटका वाकडा गेला की माणूस स्टिक आणखी घट्ट आवळतो. त्यामुळे मनगट मोकळे फिरत नाही, तोंड उघडे राहते, चेंडू आणखी उजवीकडे जातो, की मूठ आणखी घट्ट! त्याचा शेवट कोपराच्या आतल्या बाजूच्या दुखण्यात होतो. त्याला 'गोल्फर्स एल्बो' म्हणतात. नाव साहेबी असले, तरी माझ्याकडे येणाऱ्या या दुखण्याच्या रुग्णांपैकी बहुतेकांनी गोल्फ पाहिलेलाही नसतो. धुणे पिळणाऱ्या बायका, गवंडी, सुतार, म्हशींची धार काढणारे, यांचे हे दुखणे.

तिसरी अडचण चष्म्याची, आणि ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पन्नाशीनंतर दुहेरी भिंगांचा चष्मा लागतो. खालचे भिंग पुस्तक वाचण्याच्या अंतरासाठी असते. पायाजवळचा चेंडू मात्र दीड मीटरवर. खाली पाहिले की चेंडू पुसट दिसतो, म्हणून माणूस नकळत मान खाली घालतो किंवा हलवतो. डोके हलले की सगळेच हलले. खेळताना फक्त लांबच्या नंबरचा साधा चष्मा वापरा. स्टिक बदलण्यापेक्षा हा उपाय पुष्कळ स्वस्त आहे.

दोष खेळात की प्रकृतीत?

आता महत्त्वाचे. नवशिक्याचा फटका वाकडा जाणे स्वाभाविक आहे. पण चांगले जमत असलेले काम काही महिन्यांत बिघडले, तर दोष तंत्रात शोधण्याआधी शरीरात शोधावा.

एक ६२ वर्षांचे गृहस्थ. दोन वर्षे उत्तम खेळत होते. मग चार-पाच महिन्यांत ड्रायव्हर बिघडला; फटका मारला की तोल जाई. त्यांनी हजारो रुपये घालून नवी स्टिक मागवली, बूट बदलले. माझ्याकडे आले ते पायाच्या बोटांमधल्या खाजेसाठी. तळवे तपासले तर कापसाचा स्पर्श कळत नव्हता, घोट्यावर ठेवलेल्या कंपन-काट्याची थरथर जाणवत नव्हती. उपाशीपोटी साखर १९० निघाली. मधुमेहाने पायांच्या नसा मंदावल्या होत्या आणि जमीन पायांना नीट कळत नव्हती. आता साखर ताब्यात आहे. तळव्यांची संवेदना पूर्ण परतलेली नाही, परतेलच असे नाही. ते लहान स्टिकांनी खेळतात आणि रोज रात्री वहिनी त्यांचे तळवे पाहतात. पायाला जखम होऊन ती चिघळण्याआधी हे कळले, हे मोठेच नशीब.

तसेच एका हाताला कंप, अक्षर बारीक होत जाणे, चालताना एक हात न हलणे, पायातली चप्पल नकळत सुटणे, अशी लक्षणे सोबत असतील तर मैदानावरच्या गुरूकडे न जाता डॉक्टरांकडे जावे.

दुसरा प्रसंग गोळ्यांचा. ६६ वर्षांचे काका, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. चेंडू सरळ जावा म्हणून गच्चीवर रोज दीडशे फटके. कंबर धरली, तेव्हा मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून तीन आठवडे दिवसातून दोनदा घेतल्या. पाय सुजले म्हणून आले, तर रक्तदाब १७०/१००, आणि आधी १.१ असलेले क्रिएटिनीन २.३. वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवीच्या गोळ्या सोबत असल्या तर धोका वाढतो. गोळ्या बंद केल्या, महिनाभराने आकडा १.३ वर आला. आणखी महिनाभर तसेच चालले असते तर सांगता येत नाही. कंबर दुखली तर फटके कमी करायचे असतात, गोळ्या वाढवायच्या नसतात.

एक इशारा आणखी. सामन्यात हात थरथरतो म्हणून मित्राची रक्तदाबाची गोळी घेणारे भेटतात. बीटा-ब्लॉकर जातीच्या या गोळ्या गोल्फच्या स्पर्धांत बंदी घातलेल्या आहेत, आणि दमेकऱ्याला त्या जीवघेण्या ठरू शकतात.

काय करावे?

१. आधी दहा मिनिटे चालावे, खुबे आणि खांदे मोकळे करावेत. लहान स्टिकेने हलके फटके मारावेत. ड्रायव्हर सर्वांत शेवटी.

२. एका वेळी ४०-५० चेंडू पुरेत. त्यांत ड्रायव्हरचे दहा-पंधरा. एक दिवसाआड विश्रांती.

३. ताकद रुपयातले बारा आणेच लावावी. फटक्यानंतर मनात तीन अंक मोजेपर्यंत तोल राहिला पाहिजे. तोल गेला तर जोर जास्त झाला.

४. पिकलेला चिकू धरावा इतपत मूठ असावी.

५. एकच फटका पन्नासदा घोकू नये. दर वेळी स्टिक किंवा नेम बदलावा. अशा सरावात प्रगती सुरुवातीला कमी दिसते, पण जास्त टिकते. झोप पुरेशी घ्यावी. शिकलेली हालचाल पक्की होण्यात झोपेचा वाटा असतो.

६. पहिला फटका ड्रायव्हरनेच मारावा असा नियम नाही. आखूड स्टिकेने तीस पावले कमी जातील, पण चेंडू झाडीत जाणार नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली आपली अदिती अशोक लांबीच्या बाबतीत बहुतेकींच्या मागे होती, तरी चौथी आली. एका फटक्याने तिचे पदक हुकले.

७. चेंडू कंबरेतून वाकून न उचलता गुडघे वाकवून उचलावा.

केव्हा थांबू नये?

कळ कंबरेतून गुडघ्याखाली जात असेल, पाय बधिर किंवा लुळा वाटत असेल तर खेळ बंद करून डॉक्टरांना दाखवावे. लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा बसण्याची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. फार सराव करणाऱ्या नवशिक्यांच्या बरगडीला बारीक चीर पडते, हे खरे. पण पन्नाशीनंतर छातीत दुखले, तर ईसीजी होईपर्यंत ते दुखणे हृदयाचेच समजावे. 'फटका लागला असेल' म्हणून बाम चोळत घरी बसू नये.

या खेळात शरीराला सर्वांत जास्त फायदा होतो तो चालण्याचा. अठरा खड्ड्यांचा पूर्ण डाव पायी खेळला की आठ-दहा किलोमीटर चालणे होते. साखर, रक्तदाब, वजन, तिन्हींना हे औषध. चेंडू झाडीत गेला, तरी तो शोधायला निघालेले पाय आपलेच असतात. तेवढ्यासाठी खेळत राहावे. कंबर आणि मूत्रपिंड मात्र पणाला लावू नयेत.

(पुढील आठवड्यात : सकाळी उठल्यावरची टाचदुखी)