नव्याने टाकलेली विंडोज अ‍ॅक्टिव्हेट का होत नाही?

लॅपटॉप फॉरमॅट करून विंडोज 11 टाकली आणि कोपऱ्यात ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’ दिसू लागले, तर लगेच नवीन की विकत घेऊ नका. मित्राच्या पेन ड्राइव्हवरचा ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ तर अजिबात चालवू नका. त्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच काय ते समजा. घाई कशालाच नाही. अ‍ॅक्टिव्हेशनवाचूनही काम चालते, वॉलपेपर बदलण्यासारख्या काही सोयी तेवढ्या बंद राहतात.

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात अ‍ॅक्टिव्हेशन उघडा आणि एडिशन वाचा. पुष्कळदा चूक इथेच सापडते. विंडोज 8 पासून बहुतेक कंपन्या लॅपटॉपची की मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्येच साठवून देतात आणि इन्स्टॉलर ती आपणहून वाचतो. ही की एकाच एडिशनची असते. लॅपटॉप होमचा आणि तुम्ही टाकली प्रो, तर परवाना जुळणार नाही. खरेदीच्या बिलावर मूळ एडिशन बहुधा लिहिलेले असते. प्रोवरून होमवर नुसती की बदलून येता येत नाही. होम पुन्हा कोऱ्या डिस्कवर टाकावी लागते. म्हणून प्रोजेक्टच्या फाइल्स परत भरण्याआधीच हे तपासा.

एडिशन बरोबर असेल, तर इंटरनेट जोडून थोडे थांबा.

मदरबोर्ड बदललेला असेल, तर विंडोजच्या लेखी ते वेगळेच मशीन. परवाना आधीच तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेला असेल, तर त्याच खात्याने साइन इन करा आणि ट्रबलशूटरमध्ये हार्डवेअर अलीकडे बदलल्याचा पर्याय निवडा. बोर्ड वॉरंटीत बदलून मिळाला असेल, तर आधी सर्व्हिस सेंटरलाच विचारा.