विश्लेषण : ‘बाऊंड’ने गुन्हेपटांचा जुना नियम कसा मोडला?

हॉलीवूडमध्ये १९३४ पासून ‘हेज कोड’ची कडक अंमलबजावणी सुरू झाली आणि समलिंगी पात्रे उघडपणे दाखवणे बंद झाले. ‘द माल्टीज फाल्कन’मध्ये (१९४१) जोएल कैरोबाबत केवळ सुगंधी व्हिजिटिंग कार्डातून सूचन केले जाते. तोही खलनायकांच्याच गोटातला.

लाना आणि लिली वाचोव्स्की यांच्या ‘बाऊंड’मध्ये (१९९६) मात्र व्हायलेट आणि कॉर्की या प्रेयसीच नायिका आहेत. दोघी माफियाचे २० लाख डॉलर लांबवण्याचा बेत आखतात. रक्ताळलेल्या नोटा धुऊन, वाळवून, इस्त्री करणारा सीझर हसवतोही. अशा चित्रपटांत मोहक स्त्री अनेकदा दगा देते. इथे कॉर्कीला, आणि प्रेक्षकालाही, शेवटपर्यंत तीच धास्ती असते. पण व्हायलेट तिची साथ सोडत नाही.