स्टिअरिंग जड झाले? पंप बदलण्याआधी एवढे तपासा

प्रवासी व्हॅनचे स्टिअरिंग जड झाले की अनेक गॅरेजमध्ये एकच वाक्य ऐकू येते, "पंप गेला, बदलावा लागेल." आमच्या परिचयातील एका गाडीमालकांनाही हेच सांगण्यात आले. त्यांची व्हॅन सकाळी शाळेची मुले नेते आणि लग्नसराईत वऱ्हाडाची भाडी करते. नवा पंप बसला, बिल चुकते झाले आणि पंधराव्या दिवशी पुन्हा तोच घूं-घूं आवाज, तेच जड स्टिअरिंग. गाडी उभी राहिली, तेवढ्यात शाळेची वर्दीही हातची गेली.

शेवटी त्यांनी गाडी एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. आम्हीही सोबत होतो. मिस्त्रींनी पान्याला हात न लावता आधी तेलाच्या डब्याचे झाकण उघडले. तेल काळे पडले होते आणि वर फेस होता. डबा रिकामा करून पाहिला तेव्हा तळातील जाळी गाळाने बुजलेली आढळली. मिस्त्री म्हणाले, "पंपाला प्यायला तेलच मिळत नाही, भाई. नवा पंप तरी काय करील?"

त्या दिवशी आम्ही जे पाहिले आणि विचारून घेतले, ते गॅरेजवाल्या बंधूंच्या व गाडीमालकांच्या उपयोगाचे आहे, म्हणून येथे देत आहोत.

काम कसे चालते?

पॉवर स्टिअरिंग ही जुनीच युक्ती आहे. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरने १९२६ च्या सुमारास ती गाडीवर चालवून दाखवली आणि १९५१ मध्ये क्रायस्लर कंपनीने ती विक्रीच्या मोटारीत आणली. तेलावर चालणाऱ्या स्टिअरिंगचे तत्त्व आजही तेच आहे. इंजिनचा पट्टा पंप फिरवतो. पंप डब्यातील तेल ओढून जाड पाइपातून दाबाने स्टिअरिंग बॉक्सकडे पाठवतो. चालकाने चाक वळवले की बॉक्समधील व्हॉल्व्ह त्या बाजूला तेल सोडतो आणि तेलाचा दाब चाके वळवण्यास मदत करतो. काम झालेले तेल दुसऱ्या पाइपाने डब्यात परत येते. डबा, पट्टा, पंप, पाइप, बॉक्स अशी ही साखळी आहे. एक कडी बिघडली तरी चालकाच्या हाताला स्टिअरिंग जडच लागते. म्हणून तपासणी स्वस्त कडीपासून सुरू करून महाग कडीकडे न्यावी.

आधी तेलाचा दोष की लोखंडाचा?

प्रथम पुढच्या टायरांतील हवा पाहावी. हवा कमी असेल तर चांगले स्टिअरिंगही जड होते. त्यानंतर पुढची बाजू जॅकवर उचलून खाली मजबूत स्टँड लावावेत आणि इंजिन बंद ठेवून चाक हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. तेव्हाही ते अडकत असेल तर दोष बहुधा तेलाकडे नसून सुकलेला बॉल जॉइंट, किंगपिन किंवा स्टिअरिंगच्या दांड्यावरील गंजलेला क्रॉस येथे असतो. वळल्यानंतर चाक आपोआप सरळ होत नसेल तरी आधी येथेच पाहावे. चाक सैल वाटत असेल, म्हणजे प्ले असेल, तर टाय रॉडचे एंड आणि बॉक्सची पकड तपासावी. यांपैकी कोणताही दोष पंप बदलून जात नाही.

लक्षणे काय सांगतात?

चाक पूर्ण वळवताना चीं-चीं आवाज आला तर पट्टा घसरत आहे असे समजावे. पट्टा चकचकीत झाला असेल, तडकला असेल किंवा त्यावर तेल सांडले असेल तर तो बदलावा व मॅन्युअलप्रमाणे ताण द्यावा. घूं-घूं आवाज व तेलात फेस असेल तर कोठून तरी हवा शिरत आहे. तेलाची पातळी, डब्याची जाळी आणि डब्याकडून पंपाकडे येणाऱ्या पाइपाची क्लिप पाहावी. या पाइपावर तेल ठिबकले नाही तरी तो हवा ओढू शकतो. इंजिन हळू असताना जड आणि रेस दिल्यावर हलके होत असेल तर संशय पट्ट्यावर किंवा झिजलेल्या पंपावर घ्यावा. टायर ठीक असूनही एकाच बाजूला जड लागत असेल तर दोष बहुधा बॉक्समधील व्हॉल्व्ह किंवा सील यांचा असतो. पंप दोन्ही बाजूंना सारखाच दाब देत असतो.

गळती शोधताना सर्व भाग पुसून कोरडे करावेत, मग एकाने चाक फिरवावे आणि दुसऱ्याने पाहावे. दाबाच्या पाइपावर मात्र बोट फिरवू नये. बारीक छिद्रातून निघणारी तेलाची धार कातडी भेदून आत जाऊ शकते. त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा. दाबाचा पाइप फुटला तर त्याला क्लिपा लावून जोडू नये. त्या दाबाचा नवा पाइपच बसवावा. तसेच टाय रॉडच्या एंडला वेल्डिंग करून काम भागवू नये. त्या गाडीत कोणाची तरी मुले बसणार आहेत.

निर्णय गेजवर सोडावा

एवढे करूनही दोष राहिला तरच पंप आणि बॉक्स यांच्यामध्ये व्हॉल्व्ह असलेला प्रेशर गेज जोडावा. तेल गरम झाल्यावर इंजिन हळू ठेवून व्हॉल्व्ह बंद करावा, पण पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही. दाब मॅन्युअलमधील आकड्याला पोहोचला तर पंप ठीक आहे. मग व्हॉल्व्ह उघडून चाक टोकापर्यंत तेवढाच वेळ धरावे. आता दाब कमी पडला तर बॉक्स आतून गळतो आहे. पहिल्या तपासणीतच दाब आला नाही तर पंप उघडावा. कधी कधी त्याचा रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्याने अडकलेला असतो आणि साफसफाईनेच काम होते.

पंप बदललाच तर जुने तेल पूर्ण काढून पाइप धुऊन घ्यावेत, नाहीतर जुन्या पंपाचा लोखंडी चुरा नव्या पंपाला खातो. तेल मॅन्युअलमध्ये सांगितलेलेच घालावे. ब्रेक ऑइल कधीही घालू नये, त्याने सील फुगून खराब होतात. हवा काढताना पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, चाक सावकाश वीसेक वेळा दोन्ही टोकांना फिरवावे व डबा भरत राहावे. नंतर इंजिन सुरू करून बुडबुडे थांबेपर्यंत तेच करावे.

काही गाड्यांत तेलाऐवजी विजेच्या मोटरचे स्टिअरिंग असते. तेथे बॅटरी, फ्यूज व अर्थिंगची वायर आधी पाहावी आणि नंतर स्कॅनर लावावा.

मिस्त्रींनी त्या व्हॅनला नवा डबा बसवला, पाइप धुतले, तेल भरले. नवा पंप अजून शाबूत होता. जुना डबा त्यांनी मालकांच्या हातात दिला, आतील गाळ दाखवला आणि केलेले काम बिलावर लिहून दिले. आकारणी फक्त डबा, तेल आणि मजुरीची. "पंप विकला असता तर आज जास्त मिळाले असते," आम्ही म्हणालो. ते म्हणाले, "आज मिळाले असते. पण उद्या हे इकडे फिरकले असते का?"

शाळेची वर्दी त्या मालकांना अजून परत मिळालेली नाही. त्यांच्या भावाच्या दोन गाड्या मात्र आता याच मिस्त्रींकडे येतात.