नवा दिसावर : रशियातील शिक्षणाचे पहिले दिवस

वऱ्हाडातील जैन व्यापारी कुटुंबांना दूरदेश अपरिचित नाही. मारवाड, गुजरात आणि बुंदेलखंड सोडून पूर्वज कापसाच्या या मुलखात आले. अकोला, अमरावती, कारंजा, खामगाव या गावी त्यांनी दुकाने मांडली, अडत चालविली, मंदिरे आणि स्थानके उभारली. घर सोडून परमुलखात व्यापाराला जाणे याला ते दिसावर म्हणत. आज त्याच कुटुंबांतील मुले-मुली नव्या दिसावरास निघाली आहेत. आजोबा व्यापारासाठी निघाले होते, नातवंडे विद्येसाठी निघतात. आणि त्यांतील काहींचा मार्ग रशियाकडे जातो. बहुतेक जण वैद्यकीय पदवीसाठी जातात, काही अभियांत्रिकी वा भाषाशिक्षणासाठी, तर थोडे विद्यार्थी-विनिमयाच्या योजनेतून एखाद्या सत्रापुरते.

प्रवेश, शुल्क आणि व्हिसा यांची चर्चा घराघरांत होते. परंतु तेथे पोचल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांविषयी फारसे बोलले जात नाही. वास्तविक सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्याला वळण देणारे बरेच निर्णय याच दिवसांत घेतले जातात, आणि ते घेताना आई-वडील जवळ नसतात.

जुना संबंध

महाराष्ट्र आणि रशिया यांचा परिचय आजचा नाही. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन हा त्वेर नगरीचा व्यापारी चौल बंदरात उतरला व जुन्नर, बीदरपर्यंत फिरला. उलट दिशेने गेलेल्यांत धर्मानंद कोसंबी यांचे नाव महत्त्वाचे आहे. गोव्यात जन्मलेले हे पाली पंडित १९२९ साली लेनिनग्राडला अध्यापनासाठी गेले होते. ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे त्यांचे पुस्तक. १९४७ च्या जून महिन्यात सेवाग्राम येथे अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला.

स्वातंत्र्यानंतर हा संबंध विद्यार्थ्यांच्या रूपाने वाढला. १९६० साली मॉस्कोत लोकमैत्री विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढील वर्षी त्यास पॅट्रिस लुमुंबा यांचे नाव मिळाले. आशिया-आफ्रिकेतील हजारो विद्यार्थी तेथे शिकले. त्याच काळात रशियन बालपुस्तकांची स्वस्त मराठी भाषांतरे महाराष्ट्रातील घराघरांत पोचली होती.

सप्टेंबर आणि पर्युषण

रशियात शैक्षणिक वर्षाचा आरंभ १ सप्टेंबरला होतो. तो दिवस तेथे ज्ञानदिन म्हणून साजरा केला जातो. लहान मुले हातात फुले घेऊन शाळेत जातात. आपल्याकडे हाच काळ चातुर्मासाचा. पर्युषण आणि दशलक्षण पर्व बहुधा याच सुमारास येते. ज्या दिवसांत घरी तप, स्वाध्याय आणि प्रतिक्रमण चालते, त्याच दिवसांत विद्यार्थी विमानतळाच्या रांगेत वा वसतिगृहाच्या कार्यालयात उभा असतो. क्षमापनेचा संदेश यंदा फोनवरून द्यावा लागतो. घर सुटल्याची पहिली खरी जाणीव पुष्कळांना त्याच संध्याकाळी होते.

पहिला आठवडा कागदपत्रांत जातो. विमानतळावर मिळालेले स्थलांतरपत्र देश सोडेपर्यंत सांभाळावे लागते. वास्तव्याच्या पत्त्याची नोंद ठरलेल्या मुदतीत करावी लागते. ती विद्यापीठ वा वसतिगृहामार्फत होते, पण पारपत्र वेळेवर देण्याची जबाबदारी विद्यार्थ्याचीच. वैद्यकीय तपासणी आणि बोटांचे ठसे हेही ओघाने येते.

व्यापारी घराने विशेष लक्षात ठेवावी अशी गोष्ट पैशाची आहे. मार्च २०२२ पासून रशियाबाहेर दिलेली व्हिसा आणि मास्टरकार्ड ही कार्डे तेथे चालत नाहीत. अकोल्यातील बँकेचे कार्ड तेथील दुकानात निरुपयोगी ठरते. म्हणून पहिल्या महिन्याचा खर्च नियमात बसेल एवढ्या रोख परकीय चलनात जवळ ठेवणे, पोचल्यावर तेथील बँकेत खाते उघडणे आणि शुल्क कोणत्या मार्गाने पाठवायचे हे निघण्यापूर्वीच ठरविणे आवश्यक ठरते.

सूर्य आणि चौविहार

अकोल्यात सूर्यास्ताची वेळ वर्षभरात साधारण दीड तासाने मागे-पुढे होते. दुकान लवकर आवरून, सूर्य असताना जेवून घेणे येथे अवघड नाही. मॉस्को मात्र सुमारे ५६ अक्षांशावर आहे. १ सप्टेंबरच्या सुमारास तेथे सूर्य सायंकाळी सव्वासातनंतर मावळतो, ऑक्टोबरअखेर पाचच्या आसपास, आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात चार वाजण्यापूर्वीच. त्या दिवसांत सूर्योदय नवाच्या सुमारास होतो. नवकारशीची ४८ मिनिटे धरली तर पहिला घास पावणेदहाला आणि शेवटचा चारच्या आत. याच वेळेत विद्यापीठाचे तास असतात.

जूनमध्ये याच्या उलट. मॉस्कोत सूर्य सव्वानवानंतर, तर सेंट पीटर्सबर्गमध्ये जवळजवळ साडेदहाला मावळतो आणि रात्रभर संधिप्रकाश राहतो. अतिउत्तरेकडील मुर्मान्स्क येथे तर डिसेंबरच्या आरंभापासून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारापर्यंत सूर्य उगवतच नाही.

मग नियम कसा पाळावा? पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यापुढे उभा राहणारा हा प्रश्न सोपा नाही, आणि घरून फोनवर “जमेल तसे कर” असे सांगून तो सुटत नाही. आपल्या परंपरेत द्रव्य, क्षेत्र, काळ आणि भाव यांचा विचार आहे. पच्चक्खाणात आगारांची तरतूद आहे. श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रत आहे. आपण कोणत्या दिशेला किती दूर जाऊ याची मर्यादा गृहस्थाने स्वतः आखून घ्यावी, असे ते सांगते. दूर जाताना नियमांचा विचार आधीच करावा, ही दृष्टी पूर्वसुरींनी दिलेलीच आहे. म्हणून जाण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांसह महाराजसाहेब वा साध्वीजींकडे जाऊन त्या देशाच्या वेळा समोर ठेवाव्यात आणि पाळता येईल एवढाच नियम स्पष्ट शब्दांत घ्यावा. कोणी पर्वतिथीपुरता चौविहार ठेवील, कोणी दिवसाचे डबे घेऊन तो नित्य पाळील. मोठा नियम घेऊन तो गुपचूप मोडत राहण्यापेक्षा लहान नियम अखंड पाळणे मनाला बळ देते. मोडलेला नियम लपविताना मुलाचे घराशी मोकळे बोलणे थांबते, आणि ती हानी अधिक मोठी असते.

स्वयंपाकघरातील शब्दकोश

रशियन जेवणात बटाटा, कांदा, गाजर आणि बीट यांना मानाचे स्थान आहे. प्रसिद्ध बोर्श्च हे सूप बीटाचे, आणि बहुधा मांसाच्या पाण्यात शिजविलेले. कंदमूळ वर्ज्य करणाऱ्यास उपाहारगृहात पर्याय फार थोडे. पण बाजार रिकामा नसतो. ग्रेच्का म्हणजे आपला कुट्टू तेथे रोजचे अन्न आहे. तांदूळ, रवा, मैदा, ओट, मसूर, वाटाणा, हरभरा मिळतो. त्वोरोग हा ताज्या पनीराच्या जातीचा आणि केफीर ताकाच्या जवळचा. काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची, भोपळा आणि सफरचंद विपुल. वसतिगृहात बहुधा सामाईक स्वयंपाकघर असते. स्वतःचे भांडे, तवा आणि लहान कुकर असला की खिचडी, उपमा, पोळी एवढे सहज जमते. मात्र भांडी वेगळी ठेवण्याचे कारण शेजारच्या विद्यार्थ्यांना हसतमुखाने समजावून सांगावे. तिरस्काराचा सूर लागू नये.

काही शब्द विमानात बसण्यापूर्वीच पाठ असावेत. म्यासा म्हणजे मांस, रीबा म्हणजे मासा, यैत्सा म्हणजे अंडी, लूक म्हणजे कांदा, चिस्नोक म्हणजे लसूण, म्योद म्हणजे मध, झेलातीन म्हणजे जिलेटिन. “मांस नको” एवढेच सांगितल्यास ताटात मासा वा कोंबडी येऊ शकते, कारण पुष्कळांच्या समजुतीत ते मांसात मोडत नाही. म्हणून एकेक नाव घेऊन सांगावे लागते, आणि बुल्योन म्हणजे मांसाचे पाणी नाही ना, हेही विचारावे लागते.

एक शब्द मात्र मित्रासारखा उपयोगी पडतो: पोस्त. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत उपवासाच्या काळात मांस, दूध आणि अंडी वर्ज्य असतात. ईस्टरपूर्वीचा मोठा उपवास कित्येक आठवडे चालतो. त्या दिवसांत अनेक उपाहारगृहांत पोस्नोये, म्हणजे उपवासाचे पदार्थ वेगळे मिळतात. त्यांत कांदा-बटाटा असतो, मध चालतो आणि काही दिवशी मासेही. तेव्हा चौकशी सुटत नाही. परंतु संयमासाठी अन्न सोडणे ही कल्पना त्या समाजास परकी नाही, हे कळल्यावर विद्यार्थ्याचा संकोच कमी होतो.

लिओ टॉलस्टॉय तर उत्तरायुष्यात शाकाहारी झाले. प्राणिहत्या टाळणे ही सदाचाराची पहिली पायरी आहे, असे त्यांनी १८९१ च्या सुमारास लिहिले. १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे शाकाहारी मंडळ स्थापन झाले. महात्मा गांधींनी आपल्या जीवनावर छाप पाडणाऱ्यांत श्रीमद् राजचंद्र आणि टॉलस्टॉय या दोघांची नावे एकत्र घेतली आहेत. मॉस्कोच्या दक्षिणेस सुमारे दोनशे किलोमीटरवर यास्नाया पोल्याना हे टॉलस्टॉय यांचे गाव आहे. सुटीत तेथे जाऊन यावे.

थंडी, वस्त्र आणि पाणी

मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या अकोलेकरास उणे वीस अंशांची धास्ती वाटणे साहजिक आहे. तथापि बाहेरची थंडी आणि खोलीतील ऊब यांत मोठे अंतर असते. शहरांत मध्यवर्ती तापनव्यवस्था असते. सलग पाच दिवस सरासरी तापमान आठ अंशांखाली राहिले की ती सुरू करण्याची पद्धत आहे. खोलीत दही उत्तम विरजते. त्रास होतो तो कोरड्या हवेचा आणि अंधाराचा. दुपारी चारला दिवस संपला की मन उगाच खचते. अशा वेळी खोलीत एकटे न बसता ग्रंथालयात वा मित्रांत जावे, दिवसा उजेडात थोडे चालावे.

गरम कपडे तेथेच घेणे शहाणपणाचे, पण घेताना पाहावे लागते. थंडीच्या जाकिटांत पुष्कळदा पक्ष्यांची पिसे भरलेली असतात, त्यास पूख म्हणतात. बूट चामड्याचे आणि आतून लोकर वा फरचे असतात. कृत्रिम भरणाची जाकिटे आणि चामडेविरहित बूटही मिळतात, फक्त मागावे लागतात.

एका बाबतीत तेथील रीत आपल्याशी जुळते. नळाचे पाणी बहुतेक लोक तसेच पीत नाहीत, उकळून घेतात. उकाळलेले पाणी पिणाऱ्या विद्यार्थ्याकडे कोणी नवलाने पाहत नाही. घरात शिरताना जोडे बाहेर काढून सपाता घालण्याची पद्धतही सर्वत्र आहे. उंबरठ्यावरून हस्तांदोलन करणे अशुभ मानतात. आनंदप्रसंगी फुले नेहमी विषम संख्येत देतात, सम संख्या अंत्यविधीसाठी. शकुनाच्या पाकिटात एक रुपया वाढविणाऱ्या आपल्या घरांना हे लवकर समजेल.

भाषा हेच खरे दार

रशियन लिपीत ३३ अक्षरे आहेत. ती आठवडाभराच्या सरावाने वाचता येतात. शब्दांत तर संस्कृतचे नाते भेटते. द्वा म्हणजे दोन, त्री म्हणजे तीन, ब्रात म्हणजे भ्राता, अगोन म्हणजे अग्नी, झिमा म्हणजे हिवाळा, जो आपल्या हिमाचा सगोत्र. भाषा आधी शिकायची असल्यास विद्यापीठांत वर्षभराचा पूर्वतयारीचा विभाग असतो. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्यालाही रुग्णालयात रुग्णाशी रशियनच बोलावे लागते. जो पहिल्या महिन्यात आळस करतो, त्याला तो तिसऱ्या वर्षी भोवतो.

वैद्यकीय शिक्षणासाठी जाणाऱ्यांनी भारताचे नियम आधी वाचावेत. परदेशी जाण्यासाठीही नीट परीक्षेची पात्रता हवी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा, आणि त्याच संस्थेतील १२ महिन्यांच्या आंतरवासितेसह असावा लागतो. परतल्यावर परवाना परीक्षा आणि येथील आंतरवासिता वेगळी. काही ठिकाणी पुढील वर्षे रशियन माध्यमात शिकवितात. दलालाच्या तोंडी आश्वासनावर न जाता हे लेखी घ्यावे. मालाचा नमुना पाहिल्याशिवाय सौदा न करणाऱ्या घरांनी मुलाच्या सहा वर्षांचा सौदा केवळ रंगीत पत्रक पाहून करू नये.

युद्धामुळे सावधगिरीही आवश्यक आहे. सीमेलगतची शहरे टाळावीत. सैन्याशी संबंधित कामाची, मोठ्या पगाराची वा नागरिकत्वाची आमिषे कोणी दाखविल्यास दूर राहावे. भारत सरकारने याविषयी जाहीर इशारे दिले आहेत. भारतीय दूतावासाकडे नोंदणी पहिल्याच आठवड्यात व्हावी.

घराचे काम

१८९३ साली वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेस गेले. आचार्य विजयानंदसूरींना साधुआचारामुळे समुद्रप्रवास शक्य नव्हता, म्हणून त्यांनी या तरुण श्रावकास पाठविले. वीरचंदभाईंनी तेथे आपला आहार सांभाळला, तरीही परतल्यावर समाजातील काहींनी समुद्रगमनाबद्दल प्रायश्चित्ताची मागणी केली. आज आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो. दूर गेलेल्या मुलाकडे संशयाने पाहण्याची सवय जुनी आहे, आणि ती किती अनाठायी ठरू शकते हेही याच उदाहरणात दिसते.

मॉस्कोची वेळ अकोल्याच्या अडीच तास मागे आहे. येथे सायंकाळचे प्रतिक्रमण सुरू होते तेव्हा तेथे मूल दुपारच्या तासाला बसलेले असते. त्याला रोज “काय खाल्लेस?” एवढेच विचारले तर हळूहळू ते खोटे बोलावयास शिकेल. “कसा आहेस, कोण भेटले, काय अडले?” हेही विचारले तर अडलेले सांगेल. नियमांची आठवण जरूर द्यावी. पण नियम मोडला तरी घराचा दरवाजा उघडा आहे, हे त्याला निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे.