वर्ग एक, आळ्या दोन

मराठी चित्रपटात शाळकरी वयातल्या प्रेमाची गोष्ट उशिरा रुजली, आणि रुजली ती घराघरांतलं अंतर सोबत घेऊनच. २०१२ ते २०१६ या काळात ‘शाळा’, ‘टाइमपास’, ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ हे चार चित्रपट पाठोपाठ प्रदर्शित झाले. चारही चित्रपटांतली मुलं शाळा-कॉलेजच्या वयातली आहेत. ‘शाळा’ वगळता बाकी तिन्हींत मुलगा पडक्या किंवा चाळीतल्या घरचा आणि मुलगी त्याहून वरच्या घरची आहे. या चारांपैकी एकाचीही कथा नांदेड-लातूरात घडत नाही. तरीही या दोन जिल्ह्यांतल्या प्रेक्षकाला त्यांतलं बरंचसं कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

गरीब-श्रीमंत प्रेमाचा हा साचा जगभर आहे. अमेरिकेत १९८६ साली आलेल्या ‘प्रिटी इन पिंक’मध्ये गरीब वस्तीतली मुलगी आणि श्रीमंत घरचा मुलगा एकाच शाळेत शिकतात. मूळ शेवटात नायिका आपल्यासारख्याच साध्या मित्राबरोबर राहते. प्रदर्शनाआधीच्या चाचणी खेळात प्रेक्षकांना तो शेवट रुचला नाही, म्हणून तो बदलून तिची जोडी श्रीमंत मुलाशी जुळवण्यात आली. त्या गोष्टीतलं अंतर कपडे, मोटार आणि बंगला यांनी मोजलेलं असल्यामुळे असा बदल शक्य झाला. हिंदीत ‘बॉबी’ने (१९७३) उद्योगपतीचा मुलगा आणि कोळ्याची मुलगी यांची गाठ घातली. शेवटी पाण्यात उडी घेतलेल्या पोरांना त्यांचे बापच बाहेर काढतात आणि भांडण मिटतं. पैशाची भिंत अशी एखाद्या प्रसंगात पडू शकते. मराठवाड्यात मात्र हजेरीपटावरचं आडनाव वाचलं की घर कुठल्या आळीत असेल याचा अंदाज बांधला जातो, आणि बापाने दुमजली बंगला बांधला म्हणून तो अंदाज बदलत नाही. मराठी चित्रपटाला म्हणूनच हा साचा जसाच्या तसा उचलता आला नाही.

सुजय डहाके यांचा ‘शाळा’ मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवर आधारलेला आहे. आणीबाणीच्या काळात नववीत शिकणारे जोशी आणि शिरोडकर जवळपास एकाच थरातले, नोकरदार घरांतले. त्यांच्यामध्ये उभी आहे ती शिस्त, गावभर होणारी चर्चा आणि घरच्यांचा धाक. वर्ष संपतं, शिरोडकर गाव सोडून जाते आणि गोष्ट थांबते. कुणी कुणाच्या जिवावर उठत नाही. पुढच्या तीन चित्रपटांत काय बदललं हे समजायला हा चित्रपट आधी पाहणं उपयोगाचं आहे, कारण अंतर कमी असताना हेच वय किती निर्धोकपणे सरतं ते त्यात दिसतं.

रवी जाधव यांच्या ‘टाइमपास’मध्ये (२०१४) रिक्षावाल्याचा दहावी नापास मुलगा दगडू, घरोघरी पेपर टाकणारा, लेल्यांच्या प्राजक्तावर भाळतो. मुंबईतल्या या गोष्टीत अंतर ऐकू येतं ते बोलण्यातून. दगडूचे उच्चार, त्याच्या तोंडची भाषा आणि लेल्यांच्या घरातलं गाणं-संस्कृत यांच्या टकरीतून चित्रपटाचा विनोद निघतो. अपमान मात्र खरा असतो, आणि तो मुलीचा बाप करतो. चित्रपट गाजला, त्याचे पुढचे भागही आले. पण जातीचा उच्चार न करता ती सतत सुचवत राहण्याची त्याची सावध रीत शेवटपर्यंत सुटत नाही.

नागराज मंजुळे यांनी ही सावधगिरी टाकली. ‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ रोजी, म्हणजे ‘टाइमपास’नंतर जेमतेम दीड महिन्याने प्रदर्शित झाला. कैकाडी समाजातला जब्या आणि त्याच्या वर्गातली सवर्ण शालू यांच्यात संपूर्ण चित्रपटात एकही संभाषण होत नाही. जब्याच्या प्रेमाचा सगळा ऐवज म्हणजे नजर, एक जीन्स पँट घेण्याची इच्छा आणि काळी चिमणी पकडण्याचा ध्यास. चिमणीची राख अंगावर टाकली की मुलगी वश होते असं त्याला सांगण्यात आलेलं असतं. शालूला यातलं किती कळलं हे चित्रपट सांगत नाही, आणि ते न सांगणं अचूक आहे. खालच्या आळीतल्या मुलाला वरच्या आळीतल्या मुलीकडे बघण्याचाही हक्क नसतो, तिथे होकार-नकाराचा प्रश्न फार पुढचा.

शेवटाकडे जब्याच्या कुटुंबाला गावातली डुकरं पकडण्याचं काम करावं लागतं, तेही शाळेच्या आवाराला लागून. वर्गमित्र बघायला जमतात, हसतात, शालूही बघते. मध्येच राष्ट्रगीत सुरू होतं आणि हातातलं डुक्कर निसटू देत सगळं कुटुंब जागीच उभं राहतं. पकडलेलं डुक्कर काठीला बांधून नेलं जातं ते शाळेच्या भिंतीवरल्या आंबेडकर आणि सावित्रीबाई फुले यांच्या चित्रांसमोरून. वर्गात सर्वांना एका ओळीत बसवणारी शाळा आणि कुंपणाबाहेर प्रत्येकाला त्याच्या जागी परत ढकलणारं गाव यांच्यातला ताण मराठी पडद्यावर इतका उघडा क्वचितच दिसला आहे. चित्रपटाला दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि जब्या साकारणारा सोमनाथ अवघडे सर्वोत्कृष्ट बालकलाकार ठरला.

‘सैराट’ (२९ एप्रिल २०१६) जिथे घडतो तो करमाळ्याचा परिसर मराठवाड्याच्या अगदी सीमेवरचा, परांड्याच्या शेजारचा. अर्ची पाटलाची लेक आहे. बापाकडे जमीन, राजकारण आणि कॉलेज या तिन्हींवरची पकड आहे. ती ज्याच्या प्रेमात पडते त्या पर्श्याचा बाप मासेमारी करतो. इथे मंजुळे यांनी साचा उलटा केला. बुलेट चालवणारी, ट्रॅक्टर हाकणारी, वर्गात रोखून बघणारी आणि पहिलं पाऊल टाकणारी मुलगी आहे. तिचं धाडस तिच्या स्वभावातलं आहेच, पण ते तिच्या घराच्या ताकदीतूनही आलेलं आहे. पर्श्याने तसं रोखून बघितलं असतं तर पहिल्याच दिवशी त्याचे हातपाय मोडले असते. अर्चीचा भाऊ प्रिन्स शिकवणाऱ्या सरांवर भर वर्गात हात उचलतो आणि त्याचं काहीही बिघडत नाही, या एका प्रसंगात कॉलेज कुणाचं आहे हे कळून चुकतं.

पूर्वार्धात ऊस, केळीच्या बागा आणि तुडुंब विहिरी आहेत. हा चित्रपट आला त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून पाणी घेऊन निघालेली रेल्वे लातूरला पोचली होती आणि शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू होती. पडद्यावरच्या भरल्या विहिरीत पोहणारी अर्ची लातूरच्या प्रेक्षकाला दुहेरी अर्थाने वरच्या घरची वाटली असणार.

उत्तरार्धात जोडपं हैदराबादला पळतं. ही निवड मराठवाड्याच्या माणसाला नेमकी वाटते. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता, आणि देगलूर, बिलोली, उदगीरकडच्या लोकांना आजही काम शोधायला मुंबई-पुण्यापेक्षा ते शहर जवळ पडतं. तिथे अर्ची झोपडपट्टीत राहते, कारखान्यात काम करते, तेलुगू शिकते. बापाच्या घरची ताकद नाहीशी झाल्यावर तिच्याकडे काय उरतं हे चित्रपट घाई न करता दाखवतो, आणि त्याचा हा भाग पहिल्या भागाइतका गाजला नसला तरी जास्त मोलाचा आहे. शेवटी माहेरची माणसं भेटी घेऊन येतात आणि दोघांचा खून होतो. ‘सैराट’ शंभर कोटींच्या कमाईचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. २०१८ मधल्या ‘धडक’ या त्याच्या हिंदी आवृत्तीत गोष्ट उदयपूरला गेली, जात पुसट होऊन श्रीमंती-गरिबीच पुढे आली, आणि खुनामागचं कारणच सैल पडलं.

नांदेड-लातूरात या गोष्टीची मुळं शाळेच्या इतिहासात शोधावी लागतात. निजामी राजवटीत शिक्षण मूठभरांपुरतं होतं, जमीन देशमुख-पाटलांच्या गढ्यांभोवती आणि सालगडी त्यांच्या दारात. स्वातंत्र्यानंतर गावोगाव हायस्कुलं निघाली, समाजकल्याणाची वसतिगृहं आली, आणि गढीवरचा मुलगा व सालगड्याचा मुलगा प्रथमच एका खोलीत बसले. हे सहज पचलं नाही. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव झाल्यावर दंगली उसळल्या. नांदेड जिल्ह्यात दलित वस्त्या जळाल्या, टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. शिक्षणाच्या दारावरच्या नुसत्या नावासाठी सोळा वर्षं गेली त्या प्रदेशात वर्गातल्या चिठ्ठीला किती किंमत मोजावी लागेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

मुली शाळेत टिकल्या त्या बऱ्याच अंशी एसटीच्या मोफत पासामुळे आणि पुढे मानव विकास योजनेच्या बसमुळे. त्याच बसमध्ये, थांब्यावर, शिकवणीच्या वाटेवर ओळखी होतात. मुलीबद्दल काही कानावर आलं की शाळा बंद आणि लगेच स्थळ बघणं, हा अनेक गावांतला ठरलेला क्रम आहे. मुलाच्या बाजूची अडचण वेगळी. कंधार, मुखेड, अहमदपूर, जळकोट भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतली मुलं दिवाळीनंतर कारखान्याच्या फडावर असतात. वर्षातले कित्येक महिने बाक रिकामा राहतो, आणि वर्गातली जी बरोबरी इतरांना फुकट मिळते ती या मुलांना अर्धीच वाट्याला येते.

कायद्याची चौकटही याच वयावर येऊन टेकते. लग्नासाठी मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षं पूर्ण हवीत. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अठराखालच्या मुलीची संमती ग्राह्य धरली जात नाही, त्यामुळे पळून गेलेल्या जोडप्याच्या प्रकरणात मुलीचे घरचे तक्रार देतात आणि मुलगा अपहरणासह पोक्सोच्या गुन्ह्यात अडकतो. वकील लावण्याची ऐपत नसलेल्या घराला जामीन मिळवणंही जड जातं. कायदा मुलींच्या संरक्षणासाठी आवश्यक आहे, पण परस्परांच्या ओढीतून पळालेल्या दोन कोवळ्या जिवांना तो अत्याचाराच्या प्रकरणाहून वेगळं काढू शकत नाही, हे न्यायालयांनीही अनेकदा नोंदवलं आहे. वय पूर्ण झालं तरी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस कार्यालयात लावली जाते. ज्यांच्यापासून लपायचं त्यांना ती वाचायला महिना मिळतो. दुसरीकडे राज्य शासन पात्र आंतरजातीय जोडप्यांना ५०,००० रुपयांचं साहाय्य देतं.

अंतराचं आणखी एक रूप नांदेड जिल्ह्यातच पडद्यावर आलं. आदिनाथ कोठारे यांचा ‘पाणी’ लोहा तालुक्यातल्या नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांच्या कामावर आधारलेला आहे. त्यात गावाला पाणी नाही म्हणून तरुणाची सोयरीक अडते. तिथलं अंतर जातीचं नाही, दोन गावांच्या ऐपतीचं आहे, आणि जलसंधारणाच्या कामाने ते भरून काढता येतं.

लातूर आणि नांदेडची आजची पंधरा ते अठरा वर्षांची मुलं मात्र गावातल्या शाळेपेक्षा शिकवणी वर्गांत जास्त दिसतात. लातूर पॅटर्नच्या लौकिकामुळे दहावी झाली की गावोगावची मुलं-मुली या दोन शहरांत खोल्या घेऊन राहतात, मेसचा डबा खातात आणि नीट-जेईईची तयारी करतात. शेत गहाण टाकून फी भरलेल्याचा मुलगा आणि डॉक्टरची मुलगी इथे शेजारी बसतात, सराव परीक्षेच्या गुणांच्या यादीत त्यांची नावं वर-खाली लागतात आणि कधी मुलगा वर असतो. घरापासून दूर, पालकांच्या नजरेबाहेर, पण निकालाच्या ओझ्याखाली घडणारी ही जवळीक करमाळ्याच्या कॉलेजातल्या जवळिकीपेक्षा वेगळी आहे. भावकी इथे फोनवरून लक्ष ठेवते. प्रवेश मिळाला की मुलगा डॉक्टर होऊन तिच्या बापाच्या बरोबरीला येतो, आणि आडनावाचा प्रश्न तरीही तसाच पुढे उभा राहतो. ‘शाळा’ ते ‘सैराट’ या चारांपैकी एकाही चित्रपटात ही गुणांच्या यादीवरची बरोबरी आलेली नाही.