जपानच्या घरातला कोळी



मुलाकडे जपानला, कोबे शहरात, दोन महिने राहून आले. पहिल्याच आठवड्यात रात्री पाणी प्यायला उठले, तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर हा तळहाताएवढा कोळी! स्टुलावर चढून झाडू उगारला आणि तोल गेला. नशीब, ओट्याला हात टेकला. आपल्या वयात कोळ्यापेक्षा स्टूल जास्त धोक्याचं, हे तेव्हा कळलं.

सून म्हणाली, "मम्मी, मारू नका. तो झुरळं खातो."

जपानीत त्याला आशिदाका-गुमो म्हणतात. पाय पसरले की 10-12 सेंटीमीटर भरतो. शिकारीसाठी जाळं विणत नाही, म्हणून त्याची जळमटं होत नाहीत. रात्री हिंडून झुरळं पकडतो. तिथली तरुण मुलं गमतीने त्याला ‘गुन्सो’, म्हणजे पलटणीतला सार्जंट म्हणतात. हाच कोळी आपल्याकडेही जुन्या घरांत दिसतो. हाताने धरला तर चावेल, पण त्याचं विष माणसाला घातक नाही.

तरीही घरात नको वाटला, तर घाई करू नका. तो हाताच्या उंचीवर येऊ द्या. मोठा पारदर्शक डबा त्याच्यावर अलगद पालथा घाला, पाय चेंगरता कामा नयेत. मग डबा आणि भिंत यांच्यामधून जाड पुठ्ठा सावकाश सरकवा आणि बाहेर झाडापाशी सोडून द्या. उंचावर असेल तर तरुण माणसाला बोलवा.

एका कोळ्यापासून मात्र जपायचं. ऑस्ट्रेलियातला विषारी कोळी 1995 साली ओसाका भागात प्रथम सापडला, आता जपानात बऱ्याच ठिकाणी आहे. मादी काळी, पाठीवर लाल पट्टा. गटाराच्या झाकणाखाली, कुंड्यांच्या बुडाशी राहते. तिथे कुंड्या हलवताना हातमोजे घाला. चावलीच तर जागा पाण्याने धुवून लगेच डॉक्टरकडे जा.

जपानात जुनी माणसं म्हणतात, सकाळी दिसलेला कोळी मारू नये, तो शुभ असतो. मला आपली गोष्ट आठवली: दावीद शौल राजापासून गुहेत लपला, तेव्हा कोळ्याने गुहेच्या तोंडाशी जाळं विणून त्याला वाचवलं. ही तनाखमध्ये नाही, पण यहुदी लोककथांत आहे.

निघेपर्यंत आमचा सार्जंट फ्रिजमागेच होता. झुरळ मात्र मला एकही दिसलं नाही.